गार पाण्याचे घरमालक

ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तू सांगितलंस की हल्ली व्यायाम झाल्यावर तू तीन मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसतोस. त्याने रक्ताभिसरण सुधारतं, झोप चांगली लागते आणि मन कणखर होतं. रेवाने मागून तोंड वाकडं केलेलं मला दिसलं. मी "जप रे बाबा" एवढंच म्हणून विषय बदलला, कारण मला हसू आवरत नव्हतं. बोलत होतास तू, पण मला ऐकू येत होता आमच्या लातूरच्या घरमालकांचा आवाज. हेच मुद्दे, याच क्रमाने. फक्त त्यांच्याकडे बर्फ नव्हता. तेव्हा या गृहस्थांबद्दल तुम्हा दोघांना लिहून पाठवावं असं ठरवलं. फोनवर सांगायला गेले तर तुमचे आजोबा मध्ये बोलतात.

लातूरला औसा रोडच्या मागच्या बाजूला त्यांचं दुमजली घर होतं. वर ते, खाली आम्ही. माझ्या नोकरीची शेवटची आणि निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं आम्ही त्या घरात काढली. ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून ते मला मॅडम म्हणत.

घर बघायला गेलो तेव्हा ते भाड्याबद्दल अर्धा मिनिट बोलले आणि पाण्याबद्दल पाऊण तास.

"गिझर बसवायचा नाही, मॅडम."

"बरं."

"बंब नाही. ती बादलीत सोडायची सळई नाही. आजाऱ्याला सूट आहे, पण आधी कळवायचं."

मला वाटलं, विजेची काळजी असेल. तसं काही नव्हतं. गरम पाण्याची आंघोळ हा त्यांच्या मते माणसाच्या अधोगतीचा आरंभ होता. "गरम पाणी म्हणजे लाड," ते म्हणायचे, "आणि लाड केले की अंग ऐकत नाही. शाळेत पोरांचं आणि घरी अंगाचं, सारखंच आहे."

मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. मी गॅसवर पातेल्यात पाणी तापवायची, वर ताट झाकायची आणि वरणाचं पातेलं नेतेय अशा थाटात ते न्हाणीत न्यायची. दोन हिवाळे हे बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी वरून हाक आली.

"मॅडम, तुमच्या झरोक्यातून वाफ निघून राहिली."

"सर, मी आजारी आहे."

"काय होऊन राहिलं?"

"थंडी वाजतेय."

"अरेरे. त्याच्यावर गार पाण्यासारखं औषध नाही."

क्रमाने लिहायची माझी सवय आहे, पण हे गृहस्थ क्रमात बसत नाहीत. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते.

अंगणात कडुलिंबाखाली त्यांनी एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरला होता. त्याच्या भोवती ओलं गोणपाट. शेजारी एक सपाट दगड. पहाटे पाच वाजता सर पंचा नेसून त्या दगडावर बसत आणि मोजून अकरा तांबे अंगावर घेत. सुरुवात पायांपासून. मग गुडघे, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. "हृदयाला आधी बातमी जाऊ द्यावी," असं त्यांचं म्हणणं. थंडीत दातावर दात वाजायला लागले की ते एकोणिसाचा पाढा म्हणत. पाढा चुकला तर थंडी जिंकली, नाही चुकला तर सर जिंकले. डिसेंबरात मला जाग यायची ती "एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस" या गर्जनेने. त्या आकड्याला थंडीचा जोर असायचा.

गार पाण्याने काय काय बरं होतं याची यादी दरवर्षी वाढत गेली. आधी सर्दी आणि सांधेदुखी होती. मग केस गळणं, राग येणं, विसरभोळेपणा आला. पुढे मोबाइल आला आणि परदेशातले लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत उतरताहेत असे व्हिडिओ ते मला पाठवू लागले. खाली लिहिलेलं असायचं, "बघा मॅडम, आता शिकून राहिलेत." खुद्द सरांना मात्र दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सर्दी असायची. मी एकदा तसं म्हटलं, तर नाक पुसत म्हणाले, "ही सर्दी नाही. शरीर घाण बाहेर टाकून राहिलं."

त्यांचा खरा शत्रू उन्हाळा. लातूरला एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तिथे आलेलं पाणी सूर्य फुकटात तापवून द्यायचा. सर गच्चीवर उभे राहून टाकीकडे असे बघत, जशी ती कॉपी करताना सापडली आहे. मग संध्याकाळी ते आमच्या दारात रांजणातल्या पाण्याची एक कळशी ठेवून जात. "घ्या. ह्या दिवसात कुठं मिळणार?" त्या पाण्याचं सुख मी नाकारणार नाही. मे महिन्यात तरी सर शंभर टक्के बरोबर होते.

आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. लातूरचं पाणी पार आटलं, सगळं गाव टँकरकडे डोळे लावून बसलं, त्या दिवसांत आमच्या घराचं पाणी कधी संपलं नाही. सर सांगायचे, गार पाण्याखाली माणूस रेंगाळत नाही. खरं होतं ते. आमच्या घरात चौघांच्या आंघोळीला मिळून जेवढं पाणी लागे, तेवढं शेजारी एकट्याला लागत असे.

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून? त्यांचं बालपण शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातलं. लहानपणी ते अगदी किरकोळ, सदा आजारी. मग एका हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून ते रोज पहाटे विहिरीवर जाऊन आंघोळ करायला लागले. त्या वर्षी आजारपण गेलं आणि गणितात पैकीच्या पैकी मिळाले. तेव्हापासून गार पाणी. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याच वेळा सांगितली. एकदा मी सहज म्हणाले, "पण सर, थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं. वाफा निघतात त्यातून." सर उठून वर गेले. नंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आमची विहीर वेगळी होती."

तुमचे आजोबाही काही काळ त्यांच्या पंथात होते. मोजून सहा दिवस. ज्या माणसाने जन्मात देवाचं नाव घेतलं नाही, तो पहिल्या तांब्याला "हर हर गंगे" असं ओरडताना मी कानांनी ऐकला आहे. सातव्या दिवशी पाठीत उसण भरली. सर बघायला आले आणि म्हणाले, "तुम्ही डोक्यापासून सुरुवात केली असणार." आजोबांनी उशी फेकली. आता ते म्हणतात की उशी आपोआप पडली.

आता मुख्य गोष्ट. सरांना एकच मुलगी, सुजाता. गुणी पोर. माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. आमच्या पातेल्याच्या पाण्याने तिनेही काही वेळा गुपचूप आंघोळ केलेली आहे. तिचं लग्न नांदेडला झालं. जावई बँकेत, गोरागोमटा, अंगाने भरलेला, बोलायला इतका मऊ की सरांना "बाबा" म्हणताना आधी चप्पल काढायचा. लग्नानंतरची पहिली दिवाळी जावयाने सासरी करायची असते. पहाटे त्याला पाटावर बसवायचं, तेल-उटणं लावायचं आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. ज्या घरात कढत पाणीच नाही तिथे हे कसं होणार, याची काळजी सरांच्या बायकोला महिनाभर आधीपासून लागली होती. त्यांना मी वहिनी म्हणायची.

"मॅडम, तुमच्या गॅसवर तापवते पाणी. ह्यांना कळू देऊ नका. जावई लई नाजूक आहेत हो."

ठरलं तसं पहाटे चार वाजता वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. पाण्याला आधण आलं. आम्ही दोघींनी पातेलं उचललं आणि अंगणात आलो. बघतो तर पाट रांजणाजवळ मांडलेला, भोवती रांगोळी, चार पणत्या. उटणं लावून जावई पाटावर बसलेले. सरांच्या हातात पूजेचा तांब्याचा तांब्या. चार रात्री रांजणातलं पाणी त्यांनी उघड्यावर ठेवून आणखी गार केलेलं होतं.

हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी ते चेष्टेने केलं नाही आणि चिकूपणानेही नाही. घरातली सगळ्यात चांगली वस्तू ते जावयाला देत होते.

"अहो, थांबा!" वहिनी म्हणाल्या. तोवर पहिला तांब्या गेला होता. त्या दिवशी सर मानाच्या आनंदात स्वतःचा नियमही विसरले. त्यांनी सुरुवात डोक्यापासून केली.

फटाके अजून सुरू झाले नव्हते, त्यामुळे ती किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"बा-बा-बाबा, पुरे."

"पुरे कसं? अजून दहा राहिलेत. माझ्या मागं म्हणा. एकोणीस एके..."

"ए-ए-एकोणीस. एकोणीस दुणे... आई गं!"

तो सज्जन मुलगा अकरा तांबे बसून राहिला. सासऱ्यांचा मान म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. पाण्याने भरला, प्रवासाने की चकल्यांनी, ते मी सांगू शकत नाही. भाऊबीजेला न थांबताच तो कानाला मफलर बांधून नांदेडला परत गेला, आणि सुजाताही बरोबर गेली.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. सरांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी जिन्यात रांगोळीचे डबे आवरत होते. विहीणबाई मूळच्या मुखेडकडच्या, शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत.

"सर, एक इचारते. माणूस गार पाणी अंगावर कवा घेतंय?"

"रोज घ्यावं, ताई."

"मसणातून आल्यावर घेतंय. मयताची बातमी आल्यावर घेतंय. माझ्या एकुलत्या एका लेकाला पयल्या दिवाळीला तुम्ही सुतकाची आंघोळ घातली."

फोन बंद झाला. आपल्याकडे तसं आहे खरं. सणाला कढत पाणी, सुतकाला गार. मलाही ते आधी सुचलं नव्हतं. सरांच्या तर मनातही आलं नसणार. ज्याने सगळं आयुष्य रोज गार पाणी घेतलं, त्याच्या अंगाला सण आणि सुतक यांतला फरकच कळेनासा झाला होता. त्यांनी फोन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही तरी सांगायचं होतं."

माफी मागून झाली. मिठाई धाडून झाली. विहीणबाई नीट बोलायच्या, पण तोलून. मग सुजाताला दिवस गेल्याची बातमी आली आणि वहिनींना वाटलं, आता सगळं विसरलं जाईल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. वहिनींनी मऊ जुनी लुगडी काढून दुपटी शिवायला घेतली. सातव्या महिन्यात न्यायला कधी येऊ म्हणून त्यांनी फोन केला, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "न्हाई धाडत."

"असं काय करता ताई? पहिली खेप आहे तिची."

"म्हणून तर. बाळंतिणीला कडक पाणी लागतंय, लेकराला लागतंय. तुमच्या घरी पाणी तापतच न्हाई."

"उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी तापतं हो!"

"आन् ती बाळंत होणार पावसाळ्यात."

त्या दिवसापासून वहिनी सरांशी बोलायच्या बंद झाल्या. भांडल्या नाहीत. ताट वाढायच्या आणि आत जायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी एक काम केलं. सरांच्या आईचा तांब्याचा जुना बंब घरात होता. सरांनी त्यात माती भरून गवती चहा लावला होता. वहिनींनी गवती चहा मुळासकट उपटला, बंब रिकामा केला आणि चिंच लावून दिवसभर घासला. सर दगडावर बसून बघत होते.  संध्याकाळी तो लखलखता बंब वहिनींनी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना दाखवला.

"बंब छान हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पर बंब घासला म्हंजे पाणी तापलं आसं थोडंच हाय? इस्तू कोण घालणार त्यात? सर घालू देतील का? माझा न्हाई भरवसा."

वहिनींनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच रडल्या. सर दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले.

"मॅडम, आपण नांदेडला जाऊ. तुम्ही चला. तुम्हाला पद्धतशीर बोलता येतं."

चैत्र संपत आला होता. आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने निघालो. सरांनी एका कागदावर तीन मुद्दे लिहून आणले होते आणि अहमदपूर येईपर्यंत ते मनातल्या मनात घोकत होते. नांदेडला उतरलो तेव्हा दहाच वाजले होते, पण रस्ता तव्यासारखा तापला होता.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, प्रवासाचं विचारलं. सुजाता आतल्या दाराला टेकून उभी होती. पोट दिसत होतं, चेहरा सुकलेला. सरांनी कागद काढला.

"मुद्दा पहिला," ते म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या. "आंघोळ झाली का?"

"झाली. चार वाजता."

"गार?"

सरांनी कागद खाली केला. "गार."

"मग आता आमच्याकडं करा. कडक पाण्यानं. माझी सून तुमच्या घरी न्हाणार. पाणी कसं आसतंय ते आधी तुमच्या अंगाला कळू द्या, मग धाडते."

मी पद्धतशीर बोलायला तोंड उघडलं, पण विहीणबाईंनी मला हातानेच थांबवलं. वहिनी खाली बघत होत्या. सुजाता म्हणाली, "बाबा, तुम्हाला नको वाटत असेल तर नका करू. मी राहीन इथं." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सदऱ्याची गुंडी काढायला लागले.

मागच्या अंगणात पाट मांडला होता. विहीणबाईंनी भोवती रांगोळी काढली होती. म्हणजे हे सगळं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. त्या पायरीवर अर्ध्या पाठमोऱ्या बसल्या. चुलवणावर पाणी खदखदत होतं. त्या उन्हात आम्ही नुसत्या उभ्या होतो तरी घामाने भिजलो होतो, आणि सर पंचा नेसून त्या वाफेत पाटावर बसले. न्हाऊ घालायला जावई. मला वाटलं, आता हा मुलगा दिवाळीचा सूड घेणार. पण त्याने आधी स्वतःची बोटं पाण्यात बुडवून बघितली, पहिला तांब्या सरांच्या पायांवर ओतला आणि थांबला.

सरांचे पाय लाल झाले.  पाढा नाही.

"बाबा, लई कडक झालं का?" जावई खाली वाकून हळूच म्हणाला. "विसण घालू?"

ईशान, रेवा, तुम्ही शॉवरखाली वाढलात, तुम्हाला विसण माहीत नसेल. कढत पाणी अंगाला सोसेल असं व्हावं म्हणून त्यात जे गार पाणी मिसळतात, त्याला विसण म्हणतात. ते घालण्यात काही कमीपणा नाही. सगळेच घालतात. पाटाशेजारीच गार पाण्याने भरलेली घागर होती, तिला ओलं फडकं गुंडाळलं होतं आणि तिच्या अंगावरून थेंब ओघळत होते. सरांची नजर त्या घागरीवर गेली आणि तिथेच राहिली. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. विहीणबाईंनी मान वळवली नव्हती, पण त्यांचा कान इकडेच होता.

"नको," सर म्हणाले. "असू द्या कडकच."

विहीणबाई पायरीवरून उठल्या. "सुजाता," त्या म्हणाल्या, "तुझी कापडं भर."

जावयाने तांब्या पुन्हा भरला. सरांनी डोळे मिटले आणि मान पुढे केली.